गोकुळानं लपवलेली पुडी

डोमाची झोप हरवली आहे हे मोहबोडी गावाला ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी गावाला फार आनंद झाला.

त्याआधी पावसाळा सरता सरता डोमाची बायको गोकुळा गेली होती. तेव्हा गाव रडलं होतं. मनापासून रडलं होतं, कारण गोकुळा भांडायला आणि मदतीला सारख्याच वेगानं धावून यायची. पण झोपेची गोष्ट वेगळी. माणूस गेलं की गावाचं काही तरी कमी होतं. डोमाची झोप गेली तर मात्र गावाच्या पदरात काही तरी पडतं, हे सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं.

झालं असं. मोहबोडीच्या तलावात मच्छीमार सोसायटीचे मासे वाढत होते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते काढायचे आणि तोवर राखायचे. एका सकाळी काठच्या चिखलात कुणाचं तरी फाटकं जाळं आणि रोहूचे खवले दिसले. सोसायटीचे अध्यक्ष गुणवंतराव यांनी सगळ्या ढिवरांना, म्हणजे गावातल्या मच्छीमारांना, तलावाच्या पाळीवर, बांधावर गोळा केलं आणि रात्री कुणी काही पाहिलं का, ऐकलं का, असं विचारलं. झोपलेला माणूस काय ऐकणार?

डोमा सगळ्यांच्या मागं बसून जाळ्यातली गाठ सोडवत होता. मान वर न करता तो म्हणाला, "दोघं होते. फटफटीवर आले. एक खोकलत होता."

केव्हा आले, असं गुणवंतरावांनी विचारलं. डोमानं जसं आठवलं तसं सांगितलं. बिरजूचं कुत्रं दुसऱ्यांदा भुंकलं त्याच्यानंतर आणि लाइन गेली त्याच्या आधी. तेव्हाच चैतू बाहेर येऊन परत आत गेला, पण कडी लावायला विसरला. आणि त्याच सुमारास सुनिलच्या घरी भांडं आपटलं.

"मांजरीनं पाडलं ते," सुनिल घाईघाईनं म्हणाला.

"असंन," डोमा म्हणाला. "मांजर माहेरी जातो म्हणत होती."

पाळीवर हसू पसरलं आणि लगेच विरलं. प्रत्येकाला वाटलं, आपल्याही घरचं यानं काही ऐकलं असेल. गुणवंतरावांनी घसा साफ केला आणि काल तू एवढा वेळ जागा काऊन होता, असं विचारलं.

"कालच नाई," डोमा म्हणाला. "गोकुळा गेल्यापासून रोजच राह्यतो."

बैठकीत पुढचा विषय तलावाला राखणदार ठेवण्याचा होता. तो तिथंच मिटला. गुणवंतराव उठून डोमाजवळ आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुःखात माणसानं गावाच्या कामात मन गुंतवावं, असं दोन-चार वाक्यांत समजावलं. डोमाचं घर पाळीच्या अगदी पायथ्याशी होतं. नुसतं खाटेवर पडल्या पडल्या कान उघडा ठेवायचा, बाकी काही नाही.

तलावाचं काम लागलं तसं गावानंही आपापलं काम आणलं. चैतू बल्लारपूरला कामाला जायचा आणि पहाटेच्या गाडीसाठी त्याला उठवावं लागायचं. बायको उठवायची तर भांडण व्हायचं, म्हणून डोमानं उठवावं असं ठरलं. सुनिलची पोरगी प्रिया पोलीस भरतीची तयारी करत होती, तिला अंधारात धावायला जायचं असायचं, तिलाही त्यानंच उठवायचं. बिरजूच्या धानात रानडुकरं शिरायची, तिकडून आवाज आला की डोमानं अंगणातला डबा बडवावा. कामाच्या बदल्यात कुणी काही देत नव्हतं असं नाही. सगळे चहा देत होते. दिवेलागण झाली की एकेका घरून हाक यायची आणि उकळून काळा झालेला चहा पुढं यायचा. आणि चहाच्या मागून खर्रा यायचा.

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घालून प्लास्टिकच्या पन्नीत घोटघोट घोटलेला माल. आमच्या भागात माणूस आधी पुडी पुढं करतो आणि नाव मागाहून विचारतो. दुःख झालं तर खर्रा, आनंद झाला तर खर्रा, आणि झोप येत नसेल तर, बिरजूच्या मते, जरा मोठा घास खर्रा. त्यानं डोकं थंड होतं. डोमानं ते मानलं. रात्रभर तो खाटेवर बसून डोकं थंड करत राहायचा आणि डोकं काही थंड व्हायचं नाही.

गावाची सोय झाली होती. डोमाला मात्र झोप हवी होती, आणि तीही अंगाला आराम मिळावा म्हणून नव्हे. त्याला गोकुळाला एक गोष्ट विचारायची होती.

लग्न झाल्यापासून त्या दोघांचा एक खेळ होता. संध्याकाळी दिवा लागला की गोकुळा डोमाच्या खिशातली खर्ऱ्याची पुडी काढून घ्यायची आणि लपवायची. डोमानं शोधायची. तो कधी शिव्या देत शोधायचा, कधी हसत. तांदळाच्या कोठीत, चुलीमागं, छपराच्या कवेलूंच्या फटीत, कोंबड्यांच्या खुराड्यात. बहुतेक वेळा तो हरायचा आणि हरून झोपून जायचा. "सकाळी देतो," असं ती म्हणायची, आणि सकाळी चहासोबत पुडी हजर व्हायची. कुठं होती ते मात्र कधी सांगायची नाही.

शेवटच्या दिवशीही तिनं दिवा लावला, पुडी घेतली आणि लपवली. त्यानंतर तिच्या छातीत दुखायला लागलं. चंद्रपूरला नेताना गाडीत डोमाचा हात खिशाकडं गेलेला तिनं पाहिला आणि ती म्हणाली, "सकाळी देतो."

सकाळी ती नव्हती.

तेरवी झाल्यावर डोमानं घर पालथं घातलं. जुन्या डावांतल्या विसरलेल्या पुड्या निघाल्या, एकीला तर उंदरानं बिऱ्हाड म्हणून वापरलं होतं. पण त्या सगळ्या पांढऱ्या पन्नीतल्या होत्या. त्या दिवशी पानठेल्यावर पांढरी पन्नी संपली होती, म्हणून निळ्या पन्नीत घोटून दिलं होतं. निळी पुडी काही सापडली नाही. एव्हाना तिच्यातल्या मालाचा भुसा झाला असेल, हे डोमालाही कळत होतं. त्याला खर्रा खायचा नव्हता. कुठी लपवली, एवढंच ऐकायचं होतं.

आणि गोकुळा तर सगळ्या गावाच्या सपनात येत होती.

शेजारची सोमारीबाई सांगायची, काल आली होती, अंबाडीची भाजी मागत होती. सोमारीबाई गोंडाची, गोकुळाची जुनी मैत्रीण. दोघी मोहफुलं वेचायला सोबत जायच्या. तिच्या सपनात येणं डोमाला पटत होतं. पण चैतूच्याही सपनात आली, प्रियाच्याही आली. गुणवंतरावांच्या सपनात येऊन तर म्हणाली, डोमाले सांगा, तलाव चांगला राख. बिरजूच्या सपनात आली ती त्याहून मोठं, होडीचं काम घेऊन आली. डोमाले आता दोन डोंगे कायले पाह्यजेत, एक डोंगा बिरजूले देऊन टाकावा, असं तिचं म्हणणं होतं.

डोमा प्रत्येकाला एकच विचारायचा, पुडीचं काही बोलली का? कुणालाच काही बोलली नव्हती. ज्याच्याशी बोलायची त्याच्याकडंच ती येत नव्हती, कारण यायला तो रात्रीचा झोपला पाहिजे ना, दुपारच्या झोपेत कोण येतं?

म्हणून डोमानं उपाय सुरू केले. त्याचा पोरगा लोकेश ऊर्जानगरला कंत्राटी कामावर होता. तो सुटीत आला तेव्हा त्यानं बापाच्या मोबाइलमध्ये झोपेसाठी एक आवाज भरून दिला. शहरातले लोक म्हणे वाहत्या पाण्याचा आवाज ऐकत झोपतात. डोमानं उशाशी मोबाइल ठेवला आणि डोळे मिटले. डोळा लागतो न लागतो तोच कानात खळाळ शिरला. ढिवराच्या कानात रात्री वाहतं पाणी शिरलं तर तो झोपेल की उठेल? डोमा पाळ फुटली म्हणून ओरडत धावला, त्याच्यामागं अर्धं गाव फावडी घेऊन धावलं, आणि पाळीवर पोचल्यावर कळलं की पाणी खाटेवर वाहत आहे. लोकेश दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं ऊर्जानगरला गेला.

सोमारीबाईनं तळपायाला मोहाच्या बियांचं तेल चोळायला सांगितलं. त्यानं पाय मऊ झाले. बिरजूच्या कुत्र्याला मात्र त्या तेलाची चटक लागली आणि ते रोज रात्री येऊन डोमाचे पाय चाटू लागलं.

शेवटी डोमा आरोग्य उपकेंद्रात गेला. तिथं डिंपल नावाची पोरगी नर्स होती, शेजारच्या गावची, शिकून परत आलेली. तिला वाटलं ताप असेल, तिनं ताप बघितला. डोमा म्हणाला, "झोपेची गोळी दे. सपन पडणारी."

डिंपल हसली नाही. तिनं त्याला बसवलं आणि दिवसभर काय काय करता ते विचारलं. डोमानं सांगितलं. सकाळी चहा-खर्रा. दुपारी पाळीवरच्या झाडाखाली चांगली लांब झोप, कारण रात्रीची भरून काढायची असते. संध्याकाळी घरोघरचा चहा. रात्री खाटेवर बसून जाळं विणायचं, मोबाइल बघायचा, खर्रा खायचा आणि झोप यायची वाट बघायची.

"काका," डिंपल म्हणाली, "झोप येत नाई का तुम्हीच तिले घरात घेऊन नाई राह्यले?"

मग तिनं सरळ समजावलं. चहा आणि तंबाखू दोन्ही अंगाला जागं ठेवतात. डोकं थंड झाल्यासारखं वाटतं, पण काळीज पळत राहतं. दुपारी पोटभर जेवलेल्याला रात्री भूक नसते, तसंच दुपारी झोपलेल्याला रात्री झोप नसते. खाट फक्त झोपायला ठेवायची, जाळं आणि मोबाइल बाहेर. डोळा लागला नाही तर तळमळत पडायचं नाही, उठून अंधारात शांत बसायचं आणि पेंग आली की परत जायचं. रात्र कशीही जावो, सकाळी उठायची वेळ बदलायची नाही. आणि माणूस गेल्यावर झोप उडतेच, ती दोन दिवसांत परत येत नाही. एवढं करूनही आली नाही तर तालुक्याला, मूल गावच्या डॉक्टरांकडं ती स्वतः घेऊन जाईल. गोळी मात्र आपल्या मनानं घ्यायची नाही.

जाता जाता तिनं विचारलं, "पहिले रात्री खर्रा खात होते का?"

"पहिले भेटतच नोहता."

"काऊन?"

"तुझी काकू दिवा लागला का लपवत होती."

एवढं बोलून डोमा उठला. उपकेंद्राच्या पायऱ्या उतरला, सायकल काढली, आणि घरापर्यंत ती हातात धरून चालतच आला. चालताना त्याला सगळं उलगडलं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की बायको आपल्याला छळते आणि मग आपल्याला झोप येते. ती झोप आपोआप येत नव्हती. रोज संध्याकाळी गोकुळा ती आणून ठेवायची आणि वर शिव्या खायची.

मग पुडी लपवणं आलं. त्या संध्याकाळी डोमानं ती स्वतःच लपवली. कोठीत खोल हात घालून पुरली, झाकण लावलं, बाहेर येऊन बसला, आणि थोड्या वेळानं आत जाऊन बरोबर तिथूनच काढली. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून लपवली, तरी हाताला आठवत होतं. स्वतःपासून वस्तू लपवणं म्हणजे स्वतःला खांद्यावर बसवून आठवडी बाजारात नेण्यासारखं आहे.

तो कुंपणापाशी गेला आणि सोमारीबाईला पुडी लपवून ठेवाल का, असं विचारलं. सोमारीबाईनं आधी त्याच्याकडं बघितलं, मग पुडीकडं.

"ठेवतो," ती म्हणाली. "पण भाऊ, मी गोकुळा नोहो. तिनं तुले शोधू तरी देल्लं. मी कुंपणाच्या आत पाय ठेवू देणार नाई."

असा निम्मा बंदोबस्त झाला. उरलेला निम्मा गावाचा होता, आणि तो अवघड होता. डोमानं चहा नको म्हटलं की लोक घाबरायचे. लवकर आडवा झाला की दारावर थाप पडायची, काका, आज उठवाल ना? गुणवंतराव स्वतः थर्मास घेऊन आले. डोमानं त्यांना डिंपलचं म्हणणं सांगितलं तर ते म्हणाले, तिचं बरोबर आहे, पण मासे निघेपर्यंत थांब, मग उन्हाळाभर झोप.

डोमा विचार करत बसला. भांडून काही होणार नव्हतं, भांडण गोकुळाचं खातं होतं. पण गोकुळाचं नाव अजून गावात चालत होतं. ते तर बिरजूनंच दाखवून दिलं होतं.

पुढच्या बैठकीला पाळीवर सगळे जमले. खालच्या घाटावर बायका कपडे धूत होत्या, त्यांत गुणवंतरावांची बायकोही होती. डोमा आज मागं बसला नाही, पुढं येऊन बसला.

"काल गोकुळा सपनात आली," तो म्हणाला.

खाली धोपटणं थांबलं. सर्वांत आधी बिरजूनं तोंड उघडलं आणि डोंग्याचं काही बोलली का, असं विचारलं.

"बोलली. बिरज्याले सांगा म्हणे, तुझ्या सपनात मी आलीच नोहती."

लोक खो खो हसले. बिरजूही हसला, पण त्याला जरा उशीर झाला.

"चैतूले सांगा म्हणे, कडी लावत जा. एक दिवस बिबट घरात येईन. अन् अध्यक्षसाहेब," डोमा आवाज न चढवता म्हणाला, "तुमच्यासाठी तं खास निरोप आहे. साखरेची बिमारी आहे, रात्री उठून डब्यातला गूळ खाऊ नका म्हणे. डब्याचं झाकण वाजते."

खालच्या घाटावरून आवाज आला, "मले सांगते उंदीर खाते!"

गुणवंतरावांचा चेहरा पडला, पण ते अध्यक्ष होते. त्यांनी लगेच कायद्याचा मुद्दा काढला. डोमा तर झोपतच नाही, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. मग सपन पडलं कसं?

याच प्रश्नाची डोमा वाट बघत होता.

"झोपलो म्हणून पडलं," तो म्हणाला. "आता तुम्ही सांगा साहेब, मी झोपलो होतो तं तलाव कोण राखला?"

डोमा झोपला होता म्हटलं तर राखणदार गेला. झोपला नव्हता म्हटलं तर झाकणाचा आवाज त्यानं कानानं ऐकला होता, आणि घाटावर बायको धोपटणं हातात घेऊन उभी होती. त्यांना दोन्हीकडून जाळं लागलं होतं.

तेवढ्यात सोमारीबाई डोक्यावरची पाटी सावरत पाळीवरून जात होती. ती थांबली. "तुमच्या सपनात येते ते खरं," ती म्हणाली, "अन् नवऱ्याच्या सपनात येते ते खोटं, असं काऊन?"

त्याच बैठकीत पाळीपाळीनं घरटी एकानं तलाव राखायचा असं ठरलं आणि पहिली पाळी अध्यक्षांची लागली. गूळ खायला तसंही ते उठतातच, असं कुणीतरी मागून म्हणालं. प्रियानं चैतूच्या मोबाइलमध्ये गजर लावून दिला आणि आपल्याही. बिरजूनं धानाच्या बांधावर राखणीला बसायचा माच बांधला आणि आपलं कुत्रं तिकडं नेलं, त्यामुळं डोमाच्या पायांचीही सुटका झाली.

झोप काही त्याच रात्री आली नाही. डिंपलनं सांगितलं होतं तसंच झालं. एक रात्र बरी, दोन वाईट, मग पुन्हा एक बरी. दुपारी पाळीवरच्या झाडाखाली डोळे जड व्हायचे तेव्हा तो उठून जाळी धुवायचा. तोंडाला पाणी सुटलं की कुंपणाकडं बघायचा. कुंपणापलीकडून सोमारीबाई नुसती मान हलवायची. डिंपल येता-जाता विचारायची आणि डोमा सांगायचा, काल चुलीतला विस्तव विझायच्या आधीच डोळा लागला. खोटं सपन सांगितल्याचं त्याला फार वाईट वाटलं नाही. गुणवंतरावांचं तोंड बघायला गोकुळा असती तर पदर तोंडात घालून हसली असती, हे त्याला पक्कं माहीत होतं.

धान निघाल्यावर लोकेश घरी आला तेव्हा बाप उन्हं वर येईपर्यंत झोपलेला दिसला. तो घाबरून हलवायला गेला. डोमानं डोळे उघडले आणि आधी त्याला हाकललं, मग विचारलं की चहा कुणी ठेवला का.

आता डोमाला रात्री झोप लागते. सपनंही पडतात. सपनात मासे येतात, बिरजूचं कुत्रं येतं, एकदा तर गुणवंतराव गुळाचा डबा काखेत घेऊन आले होते. सकाळी सोमारीबाई कुंपणावरून पुडी देते, ती पांढऱ्या पन्नीतली असते.

गोकुळा अजून आलेली नाही. निळ्या पन्नीतली पुडी कुठं आहे, ते विचारायचं राहिलं आहे.